थोरल्याला बोलवायला कोण गेलं?

तुम्ही एका चांगल्या मास्तरणीचा वर्ग काढून घेतलात, आणि तोही माझ्या पोरीच्या खऱ्या उत्तरासाठी. मी कपडे शिवते. शाळा सातवीपर्यंत, पुढचं पोरीच्या पुस्तकांतून शिकले. शाळेच्या मंडळाला असं लिहायचं नसतं, एवढं कळतं मला. तरी लिहिते.

शाळा मिशनची, पण आमचं घर ख्रिस्ती नाही. बाईंच्या वर्गातली निम्मी घरं नाहीत. बाई बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट सांगतात: धाकटा वाटणीचे पैसे उडवून परत येतो, बाप मेजवानी देतो, आणि शेतावरून आलेला थोरला रागावून दारातच थांबतो. मग विचारतात, "तुमच्या घरी असा पैसे उडवून परत आला असता तर?"

"बाबा आधी दोन ठेवून देतील!"

"आजी म्हणेल, मेल्या, आधी आंघोळ कर!"

एवढा कल्ला होतो की बाईंना टेबलावर डस्टर आपटावा लागतो. पण हसत हसत.

परीक्षेत प्रश्न आला: थोरला भाऊ का रागावला? तुमच्या छापील उत्तरात एकच शब्द, मत्सर. माझ्या थोरलीनं लिहिलं, "घरात वाजतगाजत जेवणं चालली होती आणि तो शेतात राबत होता. त्याला बोलवायला कोणी गेलंच नाही. नोकराकडून कळलं त्याला."

बाईंनी पैकीच्या पैकी मार्क दिले. तुमच्या साहेबांनी बाईंना आणि मला ऑफिसात बोलावलं.

"मार्क कापा, नाहीतर वर्ग सोडा."

"साहेब, खरंच कोणी गेलं नाही हो. वीस वर्षं शिकवतेय, माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं."

"पवित्र ग्रंथात चुका काढायला शिकवता?"

"चूक कुठे काढली? थोरल्याची बाजू घेतली. बापानंही घेतलीच की! बाहेर येऊन विनवण्या केल्या त्याच्या."

मग साहेब माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही घरी काय शिकवता हिला?"

काय शिकवणार? माझा धाकटा झाला त्या दिवशी सगळं घर दवाखान्यात हसत-खिदळत होतं, आणि ही दप्तर घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी. आणायला जायचं कोणाच्या ध्यानीमनी नाही. शेवटी बाई तिला आपल्या घरी घेऊन गेल्या, जेवू घातलं, वेणी घालून दवाखान्यात आणून सोडलं. हे सगळं मी साहेबांना सांगितलं. माझी लाज मीच वेशीवर टांगली. साहेब फाइल चाळत होते.

बाईंनी मार्कांचा तक्ता मिटून त्यांच्यापुढे ठेवला. "पोरीचे मार्क राहू देत. वर्ग घ्या."

बाहेर आल्यावर मला म्हणतात, "चला, आता तुमच्याकडे काज-बटणं करायला येते. उसवलं तर ओरडू नका हं." मी हसले आणि तिथंच रडले.

घरी पोरगी दारातच होती. "आई, माझ्यामुळे बाई गेल्या?"

मी नाही म्हटलं. तिनं विचारलं, "मग कोणामुळे?"

या प्रश्नाचं उत्तर मी का द्यावं? ते तुम्ही द्या. आणि बाई वर्गावर परत कधी येणार, ती तारीखही द्या. तोंडी नको, सहीनिशी.