फादरच्या आधी गुरुजी

वाळवीनं चर्चमधल्या लाकडी वेदीचा मागचा पाय पार पोखरून टाकला होता. फादर सिप्रियानुस गुडघ्यांवर बसून खुरप्यानं वारूळ खरवडत होता, आणि दाराशी उभ्या दोन बाया पान चघळत त्याला सांगत होत्या, की ऱ्हाऊ द्या फादर, क्लेमेन्स गुरुजी आले म्हंजी करतील, त्येंचा हात बसलाय त्यावर.

वोलोमेरे गावी येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते, पण गुरुजींचं नाव ऐकून कान किटले होते. अख्ख्या फ्लोरेस बेटावर इतकं मोडकं चर्च दुसरं नसेल. छपराचं गवत कुजून काळं पडलेलं, बांबूच्या भिंती कलंडलेल्या, पाऊस आला की मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या, पुस्तकावर धार. आधीचा फादर वारल्यावर बिशपनं कितीतरी वर्षं दुसरा धाडलाच नव्हता. मधल्या काळात पोरांना धर्म शिकवणाऱ्या या क्लेमेन्स गुरुजींनी मका-कॉफीची शेती सांभाळून रविवारची प्रार्थना चालवली, मैतं पुरली, भांडणं मिटवली.

आता फादर आला तरी माणसं मिस्सा संपला की थेट गुरुजींच्या ओट्यावर. तिथं पान-सुपारी, ताडी, हसणं-खिदळणं. ते सगळं फादरच्या स्वैपाकघरात ऐकू यायचं. तो एकटा उकडलेला कसाव्याचा कंद खात बसायचा आणि घास कडू लागायचा. फादर व्हायला इतकी वर्षं सेमिनरीत घासली ती कशाला, असं त्याला व्हायचं.

एका रविवारी त्यानं जाहीर केलं, की आता गावाला फादर आहे, प्रार्थना-प्रवचन फादरच करील. गुरुजींनी फार केलं, आता त्यांनी विश्रांती घ्यावी. पहिल्या बाकावर बसलेल्या गुरुजींनी खाली मान घालून ती नुसती हलवली. 

मग एके दुपारी भर पावसात, डोक्यावर केळीचं पान धरून तेकला आली. तिचा बाप, म्हातारा दोमी, शेवटच्या घटका मोजत होता.

"शेवटचं तेल लावाय या, फादर," ती म्हणाली. "आन जाता जाता गुरुजींस्नी बी हाळी द्या. बाबाला तुमचं शहरी बोलणं उमगत न्हाई."

तिला पुढं पाठवून फादर निघाला. गुरुजींचं घर वाटेवरच होतं. ओट्यावर बसून ते दोर वळत होते. फादरला ते दिसले. त्यानं छत्री त्या बाजूला कलती केली आणि तो तसाच पुढं गेला.

म्हाताऱ्यानं तेल लावून घेतलं, पण डोळे दाराकडं.

"क्लेमेन्स आला का?"

"येतील," फादर म्हणाला.

म्हातारा पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला. दिवस मावळायच्या आत त्यानं डोळे मिटले, ते दाराकडं तोंड करूनच.

मातीच्या दिवशी तेकलानं एवढंच विचारलं, की गुरुजी घरी नव्हते का. फादरनं पावसाचं काहीतरी सांगितलं.

पुढच्या आठवड्यात त्यानं छपरासाठी गावाला बोलावलं. कुणी येणार नाही अशीच त्याची खात्री होती, पण सगळा गाव आला. गवताचे भारे आले, बांबू आले, गडी गात गात छपरावर चढले. फादरचं मन भरून आलं. तेवढ्यात वरचा एक गडी दुसऱ्याला म्हणाला, की गुरुजींनी घरोघर फिरून बजावलं म्हणून आलो, न्हाईतर मक्याची खुरपणी टाकून कोण येतंय. डोक्यावर नवं छप्पर चढत होतं आणि फादर खाली उभा जळत होता.

शनिवारी तो पापकबुली ऐकायला पडद्याआड बसला. बाया येऊन गेल्या. शेवटी कुणीतरी जड अंगानं गुडघे टेकले. आवाज गुरुजींचा होता.

"दोमी माझं नाव घेत मेला, आसं तेकला म्हनली," ते बोलत होते. "मला रडू याय पायजे हुतं, फादर. पर मला बरं वाटलं. म्हनलं, फादर आला, तेल लावलं, तरी मानसाला शेवटी मीच लागलो. मैताच्या दारात उभा ऱ्हाऊन मी खूश हुतो. छपराला बी मानसं धाडली ती देवासाठी न्हाई. तुमाला दिसावं म्हनून धाडली."

 फादरनं क्षमेचे शब्द म्हटले, दोमीच्या कबरीवर जाऊन प्रार्थना करायला सांगितली, आणि पडदा सारून तो बाहेर आला. गुरुजी अजून उठत होते.

"त्या दिवशी तुम्ही मला ओट्यावर दिसला होता, गुरुजी," तो म्हणाला. "मी मुद्दाम हाक मारली नाही."

"ठावं हाय. छत्री कलती केली, तवाच वळखलं. तुमी कुठं निघालाय त्ये बी वळखलं." गुरुजी गुडघे चोळत म्हणाले. "मागनं उठून आलो आसतो तर म्हातारा सुखानं गेला आसता. पर म्हनलं, बोलावल्याबिगर कशाला जाऊ."

"तरी पाप माझंच मोठं."

गुरुजींनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. "त्यात बी तुमालाच म्होरं ऱ्हायचंय व्हय, फादर?"

फादरला हसू आलं. दोघं चिखल तुडवत दोमीच्या कबरीवर गेले. प्रार्थना गुरुजींनी म्हटली, फादर नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी शुभवर्तमान वाचून झाल्यावर त्यानं गुरुजींना प्रवचनाला पुढं बोलावलं आणि आपण बाजूच्या बुटक्या खुर्चीवर जाऊन बसला. गुरुजी गावच्या बोलीत बोलायला लागले. पेंगणारी माणसं सावरून बसली. कुणीतरी हसलं, कुणी डोळे पुसले. तेकलानं मात्र फादरकडं एकदाही पाहिलं नाही.

तोच जळफळाट पुन्हा उसळला. फादरनं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले, आणि गुरुजींचं बोलणं पुरं होईपर्यंत तो जागचा हलला नाही.