ड्रायव्हरचे डोके आणि वेलचीचे साल

खिळ्यावरची किल्ली. वेलचीचे साल. पेंढा भरलेली खोकी. ओले लुगडे. टोपी घातलेले एक डोके, टेबलावर पालथे.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असे समजू नका. मी तर तसे कधीच समजत नाही. मी एक जुनी चिनी मातीची किटली आहे, मोटारीच्या आकाराची. चहा बॉनेटमधून ओतायचा. ड्रायव्हरचे डोके हे माझे झाकण. माझे डोळे त्याच डोक्यावर रंगवलेले, म्हणून झाकण काढून पालथे घातले की मी आंधळी. संशयी स्वभाव तिथूनच आला.

विलायतेतल्या भट्टीत मी भाजले गेले. महूच्या छावणीतले साहेब देश सोडून निघाले, त्यांचे सामान लिलावात निघाले, आणि मी उज्जैनला, फ्रीगंजमध्ये, भय्यासाहेबांच्या अलमारीत आले. ग्वाल्हेर संस्थानची नोकरी संपलेले भय्यासाहेब अशाच किटल्या जमवत. कोबीची, मांजराची, झोपडीची. पाहुणे वाहवा करत. चहा मात्र पितळी पेल्यांतून येई. आम्हांला तडा जाईल ही भय्यासाहेबांची भीती. आणि त्यांच्या पत्नी माई इतक्या सोवळ्याच्या, की चिनी माती त्यांच्या चुलीजवळ फिरकू शकत नसे.

तरीही दुपारी, भय्यासाहेब टावर चौकात गेले की, कोणीतरी अलमारी उघडत असे. माझे डोके काढून पालथे ठेवी. अंधार. मग पोटात कढत चहा! मग धुऊन, पुसून पुन्हा जागेवर. कोण? मी मोलकरणीवर संशय घेतला. मांजराच्या किटलीवरही घेतला. सर्वांत जास्त सुनेवर, विजयावर. अलमारी तीच पुसे आणि किल्ली माजघरातल्या खिळ्याला अडकवी.

१९५६ साली नवे राज्य झाले, भोपाळ त्याची राजधानी ठरली. मुलाची, माधवची, कचेरी भोपाळला निघाली. पेंढ्यात बांधण्यासाठी भय्यासाहेबांनी मला उलटे केले, तर तळहातावर वेलचीचे ओले साल पडले.

"सूनबाई, ये क्या है? चहा? हिच्यात?"

विजया सांडलेला पेंढा गोळा करू लागली.

"तुमच्या नागपुरात चालत असेल. आम्ही काय बुद्धू आहोत? माधव, हिला आधी माहेरी पोचव. कबूल करेल तेव्हा भोपाळ."

"बाबा, एका किटलीसाठी?"

"किटलीसाठी नाही. चोरून वागण्यासाठी."

विजयाने डोळ्यांना पदर लावला, पण बोलली नाही. मी म्हटले, सापडली.

तेवढ्यात माई स्वयंपाकघरातून आल्या, ओले लुगडे नेसलेल्या, सोवळ्यातल्या. त्यांनी सरळ मला उचलले.

"अगं, सोवळ्यात शिवलीस!" भय्यासाहेब ओरडले.

"शिवले. न्हाईन परत," माई म्हणाल्या. "चहा मी पीत होते. पोरीने पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. तिला कुठे पाठवायचं नाही. आता बसा सगळे, हिच्यातच देते."

भय्यासाहेब बसले. माईंनी माझे डोके टेबलावर उभे ठेवले, आणि मी पहिल्यांदा ओतणारा हात पाहिला.

आज मी विजयाच्या स्वयंपाकघरात आहे. बॉनेटचा टवका उडाला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण कुलपात कोंडून नव्हे; वापरा, धुवा, पुसा. आणि गप्प माणसावर संशय घेण्याआधी जरा थांबा. मला अजून जमत नाही. रोज दुपारी माझ्या पोटात चहा पडे तो एकट्या माईंपुरता नव्हे, दोघींपुरता, हे मी विसरलेली नाही.

आणि महूच्या लिलावात बोट दाखवून मला पसंत केले ते भय्यासाहेबांनी नव्हे, माईंनी.