एकसदऱ्याचे चार सदरे

माणसाकडे चांगले चार सदरे असावेत आणि ऑफिसात त्याला सगळ्यांनी 'एकसदरे' म्हणावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसणाऱ्या आपल्या गड्याचं नेमकं असंच झालं होतं. त्याचं खरं आडनाव हजेरीपटाबाहेर कुणाला आठवतही नव्हतं.

तो काही जन्मापासून शहाणा नव्हता. पूर्वी 'दोनावर एक फुकट' अशी पाटी दिसली की त्याचे पाय आपोआप तिकडे वळायचे. कपाटाचं दार उघडलं की सदरे अंगावर कोसळायचे, आणि तरीही रोज सकाळी हा टॉवेल गुंडाळून उभा, घालायला काही नाही म्हणून. दोन धुण्यांत रंग उडायचा, तिसऱ्यात बाही वर चढायची, पुढे त्याच सदऱ्याने फरशी पुसली जायची. थोरली बहीण, म्हणजे ताई, त्याच घरात राहायची. ती एकदा म्हणाली, "तू कपडे आणतोस की फडकी? फडकीच हवी असतील तर सरळ फडकीच आण, स्वस्त पडतील."

बोलणं झोंबलं. त्याने कानाला खडा लावला. त्यानंतर तो दुकानात गेला की आधी कपडा उलटा करून शिवण बघायचा. कापड मुठीत चुरगळायचा आणि सुरकुती राहते का ते न्याहाळत बसायचा. आवडलं तरी लगेच घ्यायचं नाही, महिनाभर थांबायचं, आणि तरीही आठवण येत राहिली तरच घ्यायचं, हा नियम. तो लांबून येताना दिसला की दुकानदार जेवायला निघून जायचे. पण असं करता करता त्याला एक राखाडी सुती कापड सापडलं, घट्ट विणीचं आणि अंगाला मऊ. चांगल्या शिंप्याकडून त्याने एकाच मापाचे, एकाच बेताचे चार सदरे शिवून घेतले. एकदा मनासारखं मिळाल्यावर उगाच दुसरं कशाला शोधायचं? कपाटात आता इतकी जागा झाली, की आत हाक मारली तर ओ यावी. गडी खूश होता.

घोडं अडलं ते एवढ्यावरच, की बघणाऱ्याच्या लेखी ते चारही मिळून एकच सदरा. "रोज रात्री धुतो वाटतं बिचारा," कुणीतरी म्हणालं, आणि तिथून जी कीव सुरू झाली ती वाढतच गेली. हेडक्लार्क तर मनाचे फार हळवे. बहिणीचं आजारपण, बुडालेला धंदा, जामीन राहून झालेली फसवणूक, हे सगळं त्यांनी स्वतःच रचलं, स्वतःच त्यावर विश्वास ठेवला आणि डबा खाताना डोळेही पुसले. ताई चांगली धडधाकट होती, रोज टेकडी चढून यायची. पण विचारतो कोण?

आपल्या गड्याला याचा पत्ताच नव्हता, कारण त्याचं सगळं लक्ष कॅशियरबाईंकडे. तक्रारअर्जांची दिवसभर जमलेली फी संध्याकाळी त्यांच्या खिडकीत नेऊन द्यायची आणि पावती घ्यायची, हे त्याचं रोजचं काम. आठवड्यातून एकदा तरी तो 'चहाला येता का' असं विचारायचं पक्कं ठरवून जायचा आणि पावती घेऊन परत यायचा. "सदऱ्याला महिना ठीक आहे रे," ताई म्हणायची, "पण ती चालतीबोलती बाई आहे. दुसऱ्या कुणी विचारलं म्हणजे बस शिवण बघत."

त्याच्या वाढदिवशी हेडक्लार्कांनी सगळ्यांसमोर त्याच्या हातात एक पुडकं ठेवलं. "लाजू नकोस. वेळ काय, कुणावरही येते." आत सदरा होता. पोपटी, चकचकीत, वर नारिंगी पानं. त्याने सवयीने उलटा केला, तर दोरे लोंबत होते. हसावं की रडावं त्याला कळेना. एवढ्यात शेजारच्या टेबलावरचा कारकून कानाशी लागला. "सगळ्यांनी वर्गणी दिली हो, एक कॅशियरबाई सोडून. त्यांनी तोंडावर नाही म्हणून सांगितलं."

सदऱ्याचं दुःख तिथेच संपलं आणि दुसरं सुरू झालं. साऱ्या ऑफिसला त्याची कीव आली, आणि जिच्यासाठी जीव टांगणीला लागलेला, तिला तेवढंही वाटू नये? ती आपल्याला कंजूष समजत असणार, नाहीतर काहीच समजत नसणार. दुसरं जास्त वाईट होतं. आता चहाबिहा विसरायचा, असं ठरवूनच तो घरी गेला.

ताई आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "उद्या हाच घाल."

"एका धुण्यात विटेल."

"मग एकदाच घाल. लोकांनी प्रेमाने दिलंय, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. आणि त्या बाईला विचार, का नाही दिलेत म्हणून. कापडाची एवढी उलटतपासणी घेतोस, माणसाला एक प्रश्न विचारायला काय होतं तुला?"

दुसऱ्या दिवशी तो पोपटी होऊन ऑफिसात आला. हेडक्लार्कांनी पुन्हा डोळे पुसले. नळाला पाणी नाही म्हणून भांडायला आलेले एक गृहस्थ त्याच्याकडे बघतच राहिले आणि भांडण विसरून गेले. संध्याकाळी फी घेऊन तो कॅशियरबाईंच्या खिडकीशी उभा राहिला.

"मॅडम, तुम्ही वर्गणी दिली नाहीत म्हणे."

"नाही दिली." बाईंचा नोटा मोजणारा हात थांबला नाही.

"का, ते विचारलं तर चालेल?"

"चार सदरे असलेल्या माणसाला पाचव्यासाठी मी का पैसे देऊ?"

त्याने खिडकीची कड धरली. "चार? तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? एकाची कॉलर तुम्ही उलटवून शिवून घेतलीय. एकाचं वरचं बटण काळ्या दोऱ्याने लावलंय. एकाच्या कोपराला रफू आहे, सुरेख आहे अगदी. बहिणीने केलंय?"

"मीच केलंय."

"वाटलंच मला." बाईंनी नोटांना रबर लावलं आणि पहिल्यांदा वर पाहिलं. "आणि चौथा सगळ्यांत कमी वापरलेला. ज्या दिवशी मला काहीतरी विचारायचं ठरवून येता, त्या दिवशी तो घालता. मग पावती घेता आणि जाता."

हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. आजवर त्याच्याकडे कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. त्याला भरून आलं, आणि असल्या पोपटी सदऱ्यात भरून आलं तर माणसाने करायचं काय? त्याने पावतीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"आज चहाला याल?"

"येईन," बाई म्हणाल्या. मग त्यांनी त्या सदऱ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहिलं. "फक्त जरा अंधार पडू द्या."