ताईची पाकिटं

…शिक्क्याचा रंग लाल, वाळलेल्या डाळिंबाच्या सालीसारखा. आणि जिथे बोटीचं नाव असायला हवं, नेमका तिथेच शिक्का पुसट. भिंग जरा वर, जरा खाली… दीडशे वर्षांपूर्वी आगबोटीच्या पोटात बारा दिवस अटलांटिकवर हेलकावत आलेलं हे पाकीट, आणि पलीकडच्या बंदरातल्या कुणा कारकुनानं घाईत हाणलेला हा शिक्का. त्या मेल्या कारकुनावर जुनी टपाली पाकिटं जमवणारा चष्मेवाला सकाळपासून चिडला होता.

"आत काय लिहिलंय, मामा?" समोर बसलेल्या भाचीनं विचारलं. ताई जाऊन चार महिने झाले होते. तिची ही मुलगी काल समुद्रापलीकडून आली होती.

"आत काही नसतं. मोल पाकिटाला."

"मग आईची पत्रं दाखव ना. त्यासाठीच आले मी. आमच्याशी ती धड बोललीच नाही कधी… तुला मात्र दर महिन्याला लिहायची."

त्यानं खण ओढला. एकोणीस वर्षांची पाकिटं, तारखेनुसार लावलेली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं — निघाल्याचा दिवस, पोचल्याचा दिवस. भाचीनं एक उघडलं, रिकामं. दुसरं. पाचवं उघडताना तिची बोटं मंदावली.

"मामा… पत्रं?"

घडी फुगते, पाकीट फाटतं, म्हणून — पत्रं वाचून फेकून दिलेली. वाचली होती मी. वाचली होती ना? चष्म्यांच्या दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना, उभ्या उभ्या… बंदरातल्या संपामुळे एकोणीस दिवस उशिरा आलेलं ते, दोनदा शिक्का बसलेलं, त्याची कड न् कड त्याला आठवत होती. आत काहीतरी इस्पितळाचं होतं. 'एकदा ये' असंही असेल. आणि उत्तरात आपण लिहिलं होतं, पुढच्या वेळी दोन वेगळी तिकिटं लाव. त्यावर ताईची चेष्टा — तुझ्या घरी यायचं तर कपाळावर तिकीट चिकटवूनच यावं लागेल. तेवढी एक ओळ आठवणीत उरली होती. चेष्टाच होती ना ती?

"माझ्याबद्दल काय लिहायची?" भाचीनं हळूच विचारलं.

"तू झोपेत हसतेस, असं."

जिभेला हाड नसतं.

"कधी लिहिलं होतं?"

त्यानं हाताला लागलेलं पाकीट उचललं, भिंग धरलं, आणि शिक्क्यावरची तारीख वाचून दाखवली.

ती हसली. मग तिनं पुढचं पाकीट उचलून त्याच्यासमोर ठेवलं. "अजून सांग."

तो सांगू लागला. तुझ्या वेण्या तिला जमत नसत. शाळेच्या दारात तू तिचा हात सोडलास, तेव्हा ती पहिल्यांदा एकटी रडली. इस्पितळाच्या खिडकीतून तुला जाताना बघत राहायची… वाक्यं न अडखळता येत होती, ताईच्याच ठसक्यात, आणि इतक्या वर्षांत प्रथमच तो तिचं ऐकत होता. भाची एकेक पाकीट पुढे करत होती. आणि मधेच त्याचं भिंग एका शिक्क्यावर थांबलं — यातलं एखादं तिनं खरंच लिहिलेलं असेल तर? कुठलं, हे आता मला कोण सांगणार…