तापल्या रेतीतला पुण्यवान

हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या शिवारातल्या टिनशेडखाली माणूस मावत नव्हता. मधोमध लोखंडी परात, तिच्यात फुटाणे भाजतात तशी तापलेली रेती. तरणीताठी पोरं पाय ठेवायची आणि बोंबलत बाहेर उडी मारायची. रेतीमहाराज मान डोलवायचे. "पाप पोळतं, बाळा. पुण्यवानाला हीच रेती गंगेचं वाळवंट."

मग साठी उलटलेले रामकिशन चढले. साखरेची बिमारी जुनी. ते उभेच राहिले, भुवईसुद्धा हलली नाही. लोकांनी लोटांगण घातलं. महाराजांनी हुकूम सोडला, "याच्या गोळ्या बंद. याचे पाय आता देवाच्या हातात." देवाला हात मोकळेच असतात जणू! बायको शालूबाई मात्र हरखली. जन्मभर नारळ फोडायचा कंटाळा केलेला आपला माणूस पुण्यवान निघाला. घरी येऊन गोळ्यांची पिशवी तिनं स्वतःच्या हातानं उकिरड्यावर टाकली.

एका तळव्याला फोड आले. महाराजांनी अंगारा लावला. फोड फुटले, अंगठा काळा पडला, घरात घाण वास सुटला.

"काहून भेतीस? कायबी दुखत न्हाई," रामकिशन म्हणायचे, आणि दुखत नाही म्हणून सगळे निवांत. शेवटी वास सोसेना, तेव्हा शालूबाईनं त्यांना जीपमध्ये घालून हिंगोलीचा दवाखाना गाठला.

डॉक्टर मंजुषांनी आधी चांगला पाय धरला. "बाबा, डोळे मिटा. टोचलं की सांगा." नायलॉनचा दोरा तळव्यावर टेकवून त्यांनी तो वाकेपर्यंत दाबला. शालूबाई बघत होती.

"करा की सुरू," रामकिशन म्हणाले.

शालूबाईनं रेतीची, पुण्याची सगळी हकीकत सांगितली. डॉक्टर तिला म्हणाल्या, "मावशी, हे पुण्य नाही. पायात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. वय झालं, त्यात साखर, त्यात अंगात कायमची धुमसणारी सूज. त्यांच्या भिंती जाड होतात, तोंडं बुजतात. ठिबकच्या नळीत क्षार बसल्यावर मोटर चालू असूनही झाड वाळतं ना, तसंच. नसांना रक्त पोचलं नाही, नसा मेल्या. मग चटका कळणार कुणाला? महाराजांनी आधी काही विचारलं होतं?"

"त्यांचा चेला रांगेत इचारत व्हता. साखर हाय का, पायाला मुंग्या येतात का, चप्पल निसटली तर कळतं का. व्हय म्हणंल त्यालाच शेवटाला ठेवायचा."

"झालं. मेलेल्या नसा चेला हुडकतो आणि चमत्कार महाराज करतात."

"पाय वाचंल का, बाई?"

"नाही. गुडघ्याखाली कापावा लागेल. आणि दुसराही बधिर झालाय."

पाय कापला. शालूबाई थेट टिनशेडात गेली आणि भर गर्दीत बोलली. वाचणाऱ्यानंही एवढंच ध्यानात ठेवावं: "पोळतं म्हंजे पाय जिता हाय. ज्याला पोळत न्हाई त्यानं डॉक्टर गाठावा. रोज तळवे बगा, अन् गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून सोडू नका. मी सोडायला लावल्या, माज्या माणसाचा पाय गेला."

महाराज गहिवरले. "माउली, देवानं पाय मागून घेतला. केवढं भाग्य."

झालं. लोक तिच्याच पाया पडायला लोटले. ती वाट काढत परातीपाशी पोचली. एक म्हातारा रेतीत उभा होता. तिनं त्याचा हात ओढला. "उतरा, भाऊ. पाय जळून राहिले तुमचे."

म्हातारा प्रसन्न हसला. "कायबी लागत न्हाई, बाई."