बिनऔषधाचा पट्टा

सन सत्तावन्नच्या थंडीत चाकणच्या कांद्यावर करपा रोग उतरला. तेव्हा तीन सरकारी खात्यांनी मिळून त्याच्याशी लढायचं ठरवलं. एका खात्यानं औषध द्यायचं, दुसऱ्यानं पाहणी करायची आणि तिसऱ्यानं, बाकीची दोन काम करतात की नाही, यावर सही करायची. करप्याला कुणाच्याच सहीची गरज नव्हती. तो पसरत होता.

प्रयोगासाठी शेत निवडलं मंजुळाबाईचं. ती विधवा, शेत दीड एकर. पण तिच्या डेंगळ्यांचं, म्हणजे बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचं, बी अर्धं गाव पेरायचं. ते गेलं तर पुढच्या साली लोकांनी पेरायचं काय?

पिंपरीच्या प्रयोगशाळेतले दौलतराव जीप घेऊन आले. पांढरे बूट घालून चिखलात. शेताच्या मधोमध त्यांनी सुतळी ताणली.

"बाई, या पट्ट्यावर मोरचूद-चुन्याची फवारणी. त्या पट्ट्यावर काही नाही."

"आन त्यो मेला तर?"

"मेला तरच प्रयोग यशस्वी."

मंजुळाबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सायेब, घरात दोन लेकरं तापली तर एकाला औषध पाजून दुसरं कवा मरतंय त्ये बघत बसता व्हय?"

दौलतराव हसले. शिकलेली माणसं उत्तर नसलं की हसतात.

ओढ्यापलीकडचा करीम बांधावर उभा होता. त्यानं मंजुळाबाईचेच डेंगळे, तिनं लावले त्याच आठवड्यात लावले होते. "सायेब, माझ्या वावरात बी मारा की थोडं."

"तुमचं शेत प्रयोगात नाही."

"रोगाला कुणी सांगितलंय का ह्ये?"

जीप निघून गेली. फवारणीचा पंप दर आठवड्याला यायचा, अर्ध्या शेतावर फिरायचा, परत जायचा. तिसऱ्या आठवड्यात बिनऔषधाच्या पट्ट्यात पातींवर जांभळे डाग दिसले. पहिल्या फवारणीला दौलतरावांनी औषध कसं कालवलं ते मंजुळाबाईनं नीट पाहिलं होतं. जेवढं मोरचूद तेवढाच चुना, आणि लोखंडाची बादली वापरायची नाही. तिनं बाजारातून निळं मोरचूद आणलं, मातीच्या डेऱ्यात कालवलं. पंप नव्हता. तिनं केरसुणी बुडवली आणि सडा घालावा तसं पातीवर झटकत सुटली. दर सोमवारी, भल्या पहाटे. कुणाला सांगितलं नाही. करीमलाही नाही. सायबाच्या कानावर गेलं तर तो पंपही घेऊन जाईल, ही धास्ती.

फाल्गुनात दौलतराव निकाल घ्यायला आले. सुतळीच्या दोन्ही बाजूंना फुलांचे टपोरे पांढरे गोंडे डुलत होते. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"काहीच फरक नाही! म्हणजे औषध कुचकामी. तालुक्याला पुरवठा करण्यात अर्थ नाही, असंच लिहावं लागेल."

मंजुळाबाईनं खुरपं खाली ठेवलं. आता गप्प बसलं तर आपलं बी वाचलं आणि तालुका बुडाला.

"लिवू नका. म्या मारलंय त्यावर. केरसुणीनं."

दौलतरावांचा चेहरा मोरचुदासारखा निळा पडला. "तीन महिने! तीन खाती! बाई, तुम्ही प्रयोगाचं वाटोळं केलंत!"

"बिनऔषधाचं बघायचंय ना? मग चला वड्यापल्याड."

"ते शेत कागदावर नाही."

एव्हाना करीमच ओढा उतरून आला होता; केरसुणीचं त्यानं ऐकलं होतं. हातात डेंगळ्यांचे काळे पडलेले, मोडलेले दांडे. ते त्यानं जीपच्या टपावर ठेवले. सायबाकडे त्यानं पाहिलंही नाही.

"मंजुळाक्का, केरसुणी माझ्या घरात बी होती."

मंजुळाबाईनं त्यातला एक काळा दांडा उचलला. सायबाला तोंडावर विचारणारी बाई, आणि तिनंच शेजाऱ्यापासून औषध लपवून ठेवलं. सायबात आणि आपल्यात फरक काय राहिला?

दौलतराव दांडे उलटेपालटे करत राहिले. मग बूट काढले, ओढा उतरले आणि अर्धा तास करीमच्या वावरात वाकून फिरले. परत आले तेव्हा धोतराचा सोगा भिजलेला.

"लिहिता येणार नाही मला हे," ते म्हणाले. "प्रयोग रद्द, एवढंच लिहीन."

"मग शनिवारच्या बाजारात, औषध लागू पडतंय म्हून, तोंडानं तरी सांगाल का?"

"वरिष्ठ काय म्हणतील?"

"त्ये बाजाराला येत्यात व्हय कवा?"

दौलतरावांनी ओल्या पायांवर मोजे चढवले. "शनिवारी येतो. पण केरसुणी तुम्ही धरायची, बाई. मला ती जमणार नाही."

जीप गेली. करीमही वळला.

"करीम, थांब," ती म्हणाली. "त्यो केरसुणीचा पट्टा तुझा. गोंडे वाळले की सगळं बी घिऊन जा."

"आन तू?"

"मला पंपाचा पट्टा हाय की."

करीम हसला नाही. पण सुतळी उपसून गुंडाळायला वाकला.