न बोलता घातलेले टाके

शिंप्याने पुस्तक कापडात गुंडाळून आणलं होतं. गुंडाळी सोडून त्याने ते गल्ल्याशेजारी ठेवलं आणि पानांत अडकलेला एक दोरा चिमटीने अलगद काढला.

पुस्तकवाल्याने सवयीने आधी कोपरे पाहिले. विकलेलं परत घ्यायचं नाही, हा त्याचा नियम; पण आज तो कसा ऐकवावा ते त्याला सुचेना. ओठांत टाचण्या धरूनही अखंड बोलणारा हा माणूस. गल्लीत त्याला रेडिओच म्हणत. तो नुसता उभा होता.

दुकानातल्या सगळ्यात खपाऊ फळीवर पुस्तकवाल्याने स्वतः पाटी रंगवली होती : ‘आवर्जून वाचावीत अशी’. खाली राशीभविष्य, देवीची उपासना, चेटूक आणि जादूच्या कादंबऱ्या यांचा एकत्र संसार. एक घेणारा दुसरं घेतोच, मग वेगळी फळी कशाला अडवा, हा त्याचा हिशेब. बायको अंथरुणाला खिळली आणि डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा शिंपी या फळीपाशी आला. जन्मात पुस्तक न उघडलेला माणूस. जरा मन रमेल म्हणून पुस्तकवाल्याने त्याला एक कादंबरी काढून दिली. ‘न्या, गुण येईल,’ असंही वर म्हणाला. गिऱ्हाइकाला तो असं काहीबाही म्हणायचाच.

“त्यात लिहिलंय तसंच केलं मी,” शिंपी म्हणाला. “तिच्याच जुन्या कपड्यांचं पांघरूण. मशीन नाही, सगळं हातशिलाईने. आणि पुरं होईस्तोवर तिच्याशी एक शब्द नाही.”

पुस्तकवाल्याला ते प्रकरण आठवलं. त्यातली राणी पांघरूण अंगावर पडताच उठून बसते.

“वहिनी काही म्हणाल्या नाहीत?”

“म्हणायची ना. रागावलात का, म्हणायची. मी आपला खाली मान घालून टाके घालत होतो. शेवटची कड राहिली होती, तेव्हा गेली.”

अहो, ती गोष्ट आहे, कुणीतरी डोक्यातून काढलेली, हे वाक्य पुस्तकवाल्याच्या जिभेवर आलं. त्याने ते गिळलं आणि उगाचच पुस्तकावरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

“तक्रार नाही हं माझी,” शिंपी म्हणाला. “माझाच एखादा टाका चुकला असणार.” मग तो फळीकडे बघत राहिला. “तुम्ही चार बुकं वाचलेली माणसं. गेलेल्याशी बोलता येतं, असं असेल ना एखादं? फार नाही बोलायचं. रागावलो नव्हतो, एवढंच सांगायचंय.”

अशी तीन पुस्तकं फळीवर होती. पुस्तकवाल्याचा हात वर गेला आणि तिथेच राहिला.

“सावकाश बघा,” म्हणत शिंप्याने स्टूल ओढलं आणि तो बसला.